रानकोंबड्याच्या मानेची पिसं गेलीत, शेपटीही नाही, आजारी असेल का?

परडं_आणि_रान

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही. आमचं घर घाटाच्या पायथ्याला, चिपळूणच्या वरच्या अंगाला, गावाच्या अगदी टोकाला. मागे परडं आणि परड्याच्या गडग्यापलीकडे लगेच रान सुरू. तिथे एक रानकोंबडा आहे, राखी, म्हणजे आपल्या सह्याद्रीतला नेहमीचाच. शिमग्याच्या सुमारास तो रोज सकाळी गडग्यावर यायचा आणि काय रुबाब होता त्याचा, मानेवर पांढरे-पिवळे ठिपके चमकायचे, काळीभोर वाकडी शेपटी, तुरा लालभडक, आणि आरवायला लागला की घरातले सगळे जागे. मग पाऊस लागला आणि तो दिसायचाच बंद झाला.

परवा अचानक बांबूच्या बेटाखाली दिसला आणि बघून पोटात गोळाच आला. मानेवरची ती ठिपक्यांची पिसं गायब, तिथे नुसती आखूड काळपट पिसं, शेपटीतली लांब पिसं नाहीत, तुरा आकसून अगदी एवढासा झालेला. आवाज नाही काही नाही, नुसता पाचोळा उकरत होता, माझी चाहूल लागल्यावर पळाला आत. आधी वाटलं दुसराच कुठला तरी पक्षी असणार, पण मोबाईलवर फोटो काढून झूम करून बघितला तर पायामागचा काटा स्पष्ट दिसतोय, म्हणजे नरच.

आता काळजीचं कारण असं की आमच्याकडे गावठी कोंबड्या आहेत आणि पावसाळ्याच्या तोंडाला त्यांच्यात मानमोडी आली होती, बऱ्याच मेल्या. हा कोंबडा उन्हाळ्यात त्यांच्या दाण्यावर यायचा. त्याला आमच्याकडूनच रोग लागला असेल का? काका म्हणतायत फासा लावून पकडू, डालग्याखाली ठेवू आणि औषध देऊ, बरा झाला की सोडून देऊ. मला ते पटत नाहीये पण नुसतं बघत बसणंही जीवावर येतंय.

आणि दुसरं, चैत्रात गडग्यापलीकडच्या करवंदीच्या जाळीत जमिनीवरच अंडी दिसली होती, फिकट दुधी रंगाची, मादीचा पत्ता नाही. आजी म्हणाली टाकून दिलेली दिसतायत, आपली खुडूक कोंबडी आहे तिच्याखाली ठेवू. तेव्हा आम्ही हात लावला नाही. पण पुढच्या वर्षी परत तसंच दिसलं तर काय करायचं? प्लीज ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनी सांगा.

सोनकी

दादा, आधी काकांना फासा लावण्यापासून थांबवा, मग बाकीचं वाचा.

तुम्ही जे वर्णन केलंय ते रोगाचं नाही, पीस गाळण्याचं आहे, आणि इतकं व्यवस्थित वर्णन केलंय की फोटो न बघताही सांगता येतं. राखी रानकोंबड्याचा नर विणीचा हंगाम संपला की साधारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत वेगळ्याच पोशाखात असतो. मानेवरची लांब ठिपकेदार पिसं झडतात आणि त्यांच्या जागी आखूड काळपट पिसं येतात, शेपटीतली कोयत्यासारखी वाकडी पिसं पडतात, तुरा लहान आणि फिका होतो. विणीच्या काळातली नर संप्रेरकं उतरली की तुरा आकसतो आणि आरवणंही जवळजवळ बंदच पडतं. मादीमध्ये असा वेगळा पोशाख नसतो, ती पिसं बदलते पण दिसायला तीच दिसते, म्हणून हा प्रकार फक्त नरात डोळ्यात भरतो.

आता पावसाळ्यातच का, तर विचार करा, त्या लांब पिसांचा उपयोग सगळा मादीपुढे मिरवायला आणि दुसऱ्या नराला दम द्यायला. वीण झाली की ते नुसतं ओझं. आणि नवीन पिसं बनवायला प्रथिनं भरपूर लागतात, पीस म्हणजे जवळपास सगळं प्रथिनच, आणि पावसात वाळवी, अळ्या, नाकतोडे, गांडुळं काय हवं ते पाचोळ्याखाली मिळतं. शिवाय पंखांची पिसंही याच काळात बदलत असतात, उडायला पूर्ण जोर नसतो, मग गडग्यावर उघड्यावर उभं राहून आरवणं म्हणजे मोरघारीला आमंत्रणच. म्हणून तो गप्प असतो, झाडोऱ्यात असतो, कुणी दिसलं की आत शिरतो. तुम्हाला जे आजारपण वाटलं ते त्याचं शहाणपण आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबरपासून पुन्हा पिसं यायला लागतात. दिवाळीनंतर लक्ष ठेवा, ओळखू येईल.

आजारी पक्षी कसा ओळखायचा तेही सांगते म्हणजे मनातली शंका जाईल. मानमोडी झालेला पक्षी तुम्ही घरच्या कोंबड्यांत बघितलाच असेल, मान वाकडी होते, पंख लोंबतात, तोंड उघडून श्वास घेतो, हिरवट पातळ शी, एका जागी पिसं फुगवून बसतो, माणूस जवळ गेला तरी उठत नाही. तुमचा कोंबडा पाचोळा उकरत होता आणि तुम्हाला बघून पळाला. यातच सगळं आलं.

आणि पकडायचं तर अजिबातच नाही. रानातला पक्षी पकडला, डालग्याखाली कोंडला की तो धडपडतो, जखमा करून घेतो, आणि नुसत्या धसक्याने आणि स्नायूंवर आलेल्या ताणाने मरतो, बाहेरून जखम न दिसता. घरची कोंबडी हाताळायची सवय आहे म्हणून हीही तशीच, असं नाही ते.

नाचणीवाला

सोनकीताईंनी बरोबर सांगितलंय. आमच्याकडे जुनी माणसं श्रावणातल्या कोंबड्याला बोडका म्हणतात आणि कुणी त्याची काळजी करत नाही 🙂

मी शेतकरी माणूस, पुस्तकी फार माहीत नाही, पण हा पक्षी रोजचाच म्हणून लिहितो. याचं सगळं वर्ष खाण्याच्या मागे फिरतं. पहिल्या पावसाला वाळवीचे पंखवाले किडे वारुळातून निघतात तेव्हा हे वारुळाच्या तोंडाशी उभे राहून एकेक टिपतात. श्रावण-भाद्रपदात दिसतच नाहीत. भात कापून झालं की दिवसाचं ऊन कललं रे कललं की खाचरात उतरतात, पण बांध सोडून मध्ये फार जात नाहीत, झाडीपासून पळण्याच्या अंतरात राहतात. मग थंडीत घाणेरीची काळी फळं, बोरं, उंबराखाली पडलेली उंबरं. गव्याचं शेण वाटेत पडलेलं असेल तर ते उकरून टाकलेलं दिसतं, त्यातले किडे आणि न पचलेले दाणे खातात.

आणि कारवी. कारवी सात वर्षांनी फुलते हे सगळ्यांना माहितीये, लोक फुलं बघायला गाड्या करून येतात, पण खरी गंमत त्यानंतर, फुलं सुकून बोंडं तयार झाली की. बोंडं तडतड फुटायला लागली, बी खाली पडलं की एरवी एकटे दुकटे दिसणारे रानकोंबडे त्या उतारावर घोळक्याने जमतात. बांबू फुलून बी पडतं तेव्हाही तेच. एवढे कुठून आले असं वाटतं. मोठ्या बियांच्या वर्षी तो पक्षी भांडायचंसुद्धा विसरतो.

परडं_आणि_रान

सोनकीताई, नाचणीवाले दादा, खूप खूप आभार. काकांना वाचून दाखवलं, फासा रद्द झालाय. मोठं ओझं उतरलं. अंड्यांचं पण सांगा ना कुणीतरी, कारण आजीचं म्हणणं असं की टाकलेली अंडी मुंगूस खाणार त्यापेक्षा आपण वाचवलेली काय वाईट. तिच्या मनात खाण्याचा विचार नाही, खरंच माया आहे तिला.

घाटवाट

आजींची माया कळते, पण ती अंडी टाकलेली नव्हती.

रानकोंबडी साधारण ४ ते ७ अंडी घालते, रोज एक किंवा मध्ये एखादा दिवस सोडून, आणि सगळी घालून होईपर्यंत उबवायला बसतच नाही. अंडं घालते, जाते, खाते पिते, परत दुसऱ्या दिवशी येते. तोवर अंडी गारच असतात आणि आतला जीव वाढायचा थांबलेला असतो, मरत नाही. शेवटचं अंडं झालं की मग ती ठाण मांडून बसते, साधारण २१ दिवस, आपल्या गावठी कोंबडीइतकेच. म्हणून पहिलं अंडं आणि शेवटचं अंडं यात आठवड्याचं अंतर असलं तरी पिल्लं सगळी जवळपास एकाच वेळी बाहेर येतात. ते तसंच व्हावं लागतं, कारण घरटं जमिनीवर, पाचोळा थोडा बाजूला सारून केलेला खळगा नुसता, त्याला भिंत नाही छप्पर नाही. पिल्लं अंग वाळलं की काही तासात चालायला लागतात आणि आई त्यांना घेऊन तिथून निघते ती परत येत नाही. एक पिल्लू आज आणि एक चार दिवसांनी असं झालं असतं तर तिने कुणाला घेऊन जायचं?

तर जाळीत अंडी दिसली आणि मादी नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की ती अजून अंडी घालतेय, किंवा बसलेली होती आणि तुमच्या पायांच्या आवाजाने दोन मिनिटं बाजूला झाली. बसलेली असताना तर ती समोर असून दिसत नाही. पाठ तपकिरी, छातीवर पांढऱ्या पिसांना काळपट कडा, खालचा पाचोळा आणि कवडशांत ते सगळं मिसळून जातं. पाय पडायच्या बेतात येईपर्यंत हलत नाही. नर उबवायला बसत नाही, आणि ते बरंच, तो भडक रंग घेऊन बसला असता तर घरटं लांबून दिसलं असतं.

मुंगूस, घोरपड, धामण, उदमांजर, कावळे हे सगळे अंडी खातात, खरं आहे. पण तुम्ही तिथे वारंवार गेलात तर वाट पडते, गवत मोडतं, वास राहतो, आणि तीच वाट मग मुंगसालाही सापडते. बघायचंच असेल तर लांबून, आणि रोज नाही.

कायद्याचंही सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे त्यात नुसतं मारणं नाही, पकडणं, फासा लावणं, अंडी फोडणं, उचलणं, अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं, हे सगळं शिकारीतच धरलंय. म्हणजे काकांनी चांगल्या मनाने लावलेला फासा आणि आजीने मायेने उचललेली अंडी, दोन्ही त्यात येतात. घाबरवायला नाही सांगत, माहीत असावं म्हणून.

मळ्यातला

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. आमच्या भागात पूर्वी लोक रानकोंबडीची अंडी आणून घरच्या कोंबडीखाली उबवायचे, पिल्लं निघायची, मोठी पण व्हायची. मग एक दिवस उडून रानात जायची. मग त्यात नुकसान काय झालं, उलट जगलीच ना? रानात निम्मी तरी मेली असती.

सोनकी

राग कसला, प्रश्न चांगला आहे. पण "रानात गेली" आणि "रानात जगली" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रानकोंबडीच्या पिल्लाला आई काय काय शिकवते ते बघा. कोंबड्यांच्या या सगळ्या कुळात धोक्याची हाक दोन तऱ्हेची असते, आकाशातून शिकारी पक्षी आला तर एक बारीक लांब आवाज, आणि जमिनीवरून मांजर कुत्रा आला तर तुटक तुटक ओरडा. पहिल्या आवाजाला पिल्लं जिथे असतील तिथेच दगड होऊन बसतात, दुसऱ्याला पळतात किंवा फडफडत वर जातात. कोणत्या वेळी काय, हे आईच्या मागे फिरून अंगात मुरतं. संध्याकाळी अंधार पडायच्या आत झाडावर कसं चढायचं, कुठली फांदी झोपायला बरी, पाणी कुठे, मोकळ्यावर किती वेळ थांबायचं, हे घरच्या परड्यात गावठी कोंबडीकडून कसं शिकणार? तिने स्वतःच कधी रान बघितलेलं नाही, आणि माणसाला बघून ती पळण्याऐवजी दाण्यासाठी धावत येते. तेच पिल्लंही शिकतात. मग रानात गेलेला असा पक्षी पहिल्या वाघाटीला (रानमांजराला) किंवा पहिल्या फासेवाल्याला सापडतो.

पिल्लाचं खाणंही वेगळं. पहिले काही आठवडे त्यांना मुख्यतः किडे लागतात, वाळवीची अंडी, बारीक अळ्या. आई पाचोळा उकरते, चोचीत धरून खाली टाकते, परत उचलते, "टुक टुक टुक" करत राहते, की पिल्लं धावत येतात. मी हे एकदा घाटात एका वळणावर अगदी जवळून बघितलंय, आईच्या पायाच्या मागे उडालेल्या पाचोळ्यात सगळी पिल्लं अशी घुसत होती की तिच्या नखाखाली येतात की काय वाटावं, पण तिचा पाय दर वेळी एका बाजूला वळून पडायचा. तांदळाच्या कणीवर तसं पिल्लू पोसत नाही.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे रोग. गावठी कोंबड्यांत मानमोडी, देवी येतच असतात, तिच्याखाली वाढलेलं पिल्लू वरून ठणठणीत दिसलं तरी रोग घेऊन रानात जाऊ शकतं. एका पिल्लाला वाचवायला जाऊन डोंगरावरच्या बाकीच्यांना धोका. ते नको.

पिसं_आणि_जनुकं

चांगला धागा चाललाय, उशिरा येतोय. पीस गाळण्यावरून एक भर घालतो.

घरचा कोंबडासुद्धा वर्षातून पिसं बदलतो, पण त्याला हा मधला काळपट पोशाख नसतो, जुनं गेलं की तसंच भडक नवीन येतं. हजारो वर्षं माणसाने पाळल्यावर ती सवय गेली. म्हणून उत्तरेकडे आणि ईशान्येकडे जो लाल रानकोंबडा आहे त्याच्या बाबतीत अभ्यासक हाच निकष लावतात, पावसाळ्यात नर असा बोडका होतो का, मादीला तुरा जवळजवळ नसतोच का. होत नसेल तर त्या कळपात गावठी रक्त मिसळलंय असं समजतात. तर परडंवाले दादा, तुमचा कोंबडा असा दिसणं म्हणजे तो अस्सल रानाचा असल्याची खूणच आहे, याचा मला फार आनंद झाला.

वाटसरू

मग आपली गावठी कोंबडी या राखीपासून आली की लालपासून? दोन्ही ऐकलंय. आणि आपल्याकडे लाल दिसतो का?

पिसं_आणि_जनुकं

मुख्यतः लालपासून. डार्विननेही लाल रानकोंबड्यालाच मूळ मानलं होतं, आणि २०२० साली साडेआठशेहून जास्त कोंबड्यांचे आणि रानकोंबड्यांचे जनुकीय नकाशे तपासून जे संशोधन आलं त्यातही चीनचा नैर्ऋत्य भाग, उत्तर थायलंड, म्यानमार इथली लाल रानकोंबड्याची एक उपजात हीच मूळ निघाली.

पण राखीचा वाटा आहे, आणि तो तुम्ही रोज बघता. बऱ्याच कोंबड्यांचे पाय आणि कातडी पिवळी असते ना, ते पिवळेपण लाल रानकोंबड्याकडून आलेलं नाही. २००८ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की पिवळ्या कातडीचं जनुक बहुधा राखी रानकोंबड्याकडून आलंय. खाण्यातून जी पिवळी रंगद्रव्यं शरीरात जातात ती तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं, या जनुकाच्या प्रकारात ते विकर कातडीत नीट बनत नाही, म्हणून रंग साठत जातो आणि कातडी पिवळी दिसते. म्हणजे कधीतरी फार पूर्वी याच दक्षिणेतल्या कुठल्या तरी पाड्यावर रानातला राखी नर परड्यात उतरला असणार, आणि तेवढं एक जनुक जगभर पोचलं. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ तसाच बसून होतो.

आजही असा संकर होतो, पण त्या पिलावळीची पुढे प्रजा नीट होत नाही, दोन वेगळ्या जाती आहेत त्या.

राखी फक्त भारतात आहे, जगात दुसरीकडे कुठेच नाही. सगळा सह्याद्री, दक्षिण भारत, वर गुजरात, अबूचा पहाड, सातपुड्यापर्यंत. लाल बघायचा तर मध्य प्रदेशात कान्हाच्या जंगलात जा. मध्ये गोदावरीच्या आणि सातपुड्याच्या पट्ट्यात दोघांच्या हद्दी भिडतात. न बघता ओळखायचं असेल तर आवाज ऐका. लाल जवळजवळ गावठीसारखाच आरवतो, फक्त शेवट एकदम तोडतो. राखीचं वेगळंच, "कु-कायक-क्युक-क्युक", तुटक तुटक, ठसक्यात, आणि संपल्यावर कान दिला तर हळू आवाजात "क्युकुन, क्युकुन" असं काहीतरी स्वतःशीच पुटपुटतो. ते शेवटचं फक्त जवळ असलात तरच ऐकू येतं.

घाटवाट

मानेच्या पिसांचा विषय निघालाच आहे तर तेही लिहून ठेवतो, कारण फासे लावायचं खरं कारण कितीतरी वर्षं तेच होतं.

पावसाळ्यात झडलेलं त्याच्या मानेचं पीस कधी वाटेत दिसलं तर नीट वाकून बघा (उचलून घरी आणू नका, वन्यप्राण्यांच्या अवयवांना पण कायदा लागतो). पिसाचा दांडा शेवटाकडे जाताना रुंद आणि चपटा होतो, त्याला बाजूचे धागे राहतच नाहीत, आणि टोकाला मेणाचा थेंब थिजल्यासारखा कडक, चकचकीत पिवळा ठिपका, त्याच्या वर पांढरट एक. नुसता रंग नाही तो, वेगळीच रचना आहे, म्हणून तर उन्हात तो असा चमकतो. युरोपात मासे पकडायच्या गळाला जी खोटी माशी बांधतात तिचा डोळा करायला हीच पिसं हवी असायची, आणि त्यापायी इथून रानकोंबड्यांच्या मानेची कातडी पिसांसकट जहाजाने जायची. ती निर्यात पुढे बंद झाली, आता तिकडे पाळलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात. पण फासे काही बंद झाले नाहीत, आता मटणासाठी लावतात. ओळीने केसांचे किंवा नायलॉनचे फास, मध्ये एक पाळलेला कोंबडा बांधून ठेवायचा, त्याच्या आरवण्याने रानातला नर भांडायला येतो आणि अडकतो. म्हणजे हंगामात जो सगळ्यात तापट, सगळ्यात ताकदीचा, तोच पहिला जातो. कळपात मागे काय उरतं याचा विचार करा.

तुमच्या परड्यामागे असा काही प्रकार दिसला, गवतात वाकवलेली काठी, ओळीने खुंट्या, तर स्वतः कुणाशी भांडायला जाऊ नका, १९२६ वर फोन करा, वनविभागाची हेल्पलाईन आहे.

परडं_आणि_रान

एवढं सगळं कळेल असं वाटलं नव्हतं. आजीला वाचून दाखवलं, रानकोंबडी शेवटचं अंडं झाल्याशिवाय बसत नाही हे तिला एकदम पटलं, म्हणाली आपली तांबडी तरी काय वेगळं करते. अंड्यांचा विषय मिटला.

आता एकच. आमच्या कोंबड्या आणि रानातले हे एकत्र येऊ नयेत म्हणून काय करू? कोंबड्या विकायच्या नाहीयेत, आईचा संसार आहे तो. पण मानमोडी आमच्याकडून तिकडे जायला नको.

नाचणीवाला

विकायची काही गरज नाही. मी करतो ते सांगतो.

दाणे गडग्याच्या बाजूला टाकायचे नाहीत, घराच्या पुढच्या अंगाला टाका आणि खाऊन झालं की उरलेलं झाडून घ्या. रानकोंबडा सगळ्यात जास्त येतो तो उजाडताना आणि दिवस कलताना, तेव्हा आपल्या कोंबड्या खुराड्यात असल्या पाहिजेत, म्हणजे सकाळी जरा उशिरा सोडायच्या आणि संध्याकाळी लवकर कोंडायच्या. पाण्याचं भांडं पण परड्याच्या टोकाला ठेवू नका. कुत्रा असेल तर त्या दोन वेळा बांधून ठेवा, विशेषतः फाल्गुन ते वैशाख, कारण तेव्हा मादी बसलेली असते किंवा पिल्लं घेऊन फिरत असते.

आणि मेलेली कोंबडी गडग्यापलीकडे फेकायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. सगळेच फेकतात, कोल्हा नेईल म्हणून. दोन हात खोल खड्डा, चुना टाका, वर माती आणि दगड.

करवंदीची ती जाळी आणि बांबूचं बेट साफसफाईच्या नावाखाली तोडू नका, उन्हाळ्यात खालचा पाचोळा पेटवू नका. तिचं घरटं आणि त्याचं पावसाळ्यातलं घर दोन्ही तिथेच आहे. गडग्याच्या कडेला कोरडी मोकळी माती थोडी राहू द्या, दुपारी येऊन त्यात अंग घुसळतात, पिसांतल्या उवा जातात त्याने.

सोनकी

आणि मानमोडीची लस. जुन्या कोंबड्यांना आता द्या आणि पुढे नवीन पिल्लांना न चुकता. पिल्लू आठवड्याचं व्हायच्या आत लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि सहा ते आठ आठवड्यांची झाली की आर टू बी टोचून घ्यायची, दोन्ही मानमोडीच्याच लसी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून जा, कारण बाटली एकदा उघडली की लगेच वापरावी लागते, त्यामुळे शेजारच्या दोन-चार घरांच्या कोंबड्या एकाच दिवशी धरल्या तर बरं. नेताना बर्फात न्या, उन्हात गरम झाली तर टोचून काही उपयोग नाही. आणि आजारी असलेल्या कोंबडीला टोचू नका, ती आधी वेगळी ठेवा.